लालबाग की डोंबिवली? दोन मुलांच्या घरासाठी दीड वर्ष मांडलेला हिशेब

जानेवारी २०२३ मध्ये घरात दुसरं बाळ आलं आणि लालबागच्या भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये माणसं पाच झाली. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. जागा २१० चौरस फूट. तिथून डोंबिवलीच्या घराची चावी हातात पडेपर्यंत १८ जानेवारी २०२५ उजाडला. या काळात जे पैसे गेले, जे दिवस थांबावं लागलं आणि जे कागद ऐन वेळी आडवे आले, ते घटनांच्या क्रमाने लिहिते आहे. रक्कम आणि तारखा आमच्या आहेत. नियम २०२३ ते २०२५ मधले आहेत, तेव्हा व्यवहार करताना चालू दर एकदा पाहून घ्या.

पहिले पाच महिने चुकीच्या हिशेबात गेले. दर चौरस फुटाचा भाव मांडला की शहर हरतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही. जून २०२३ मध्ये कागद नव्याने मांडला आणि वर लिहिलं: घरातल्या प्रत्येकाचे दिवसाचे तास. माझी नोकरी परळला, घरापासून चालत १२ मिनिटं. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला. करी रोडहून स्लो लोकलने ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर, पुढे रिक्षा. दारापासून दारापर्यंत दीड तास. डोंबिवलीहून तेच ऐरोली एक तास पाच मिनिटांवर येतं. उलट माझे १२ मिनिटांचे होतात एक तास पंचवीस मिनिटं. म्हणजे त्याचे रोजचे ५० मिनिटं वाचतात, माझे दोन तास सव्वीस मिनिटं वाढतात. घराला मिळून रोज एक तास ३६ मिनिटांचा तोटा, आणि तो सगळा एकाच माणसाच्या माथी. हा आकडा आधी समोर ठेवला म्हणून पुढची भांडणं कमी झाली. (झाली नाहीत असं नाही.)

शहरातले पर्याय दोन होते. पहिला पागडीचा, म्हणजे एकरकमी मोबदला देऊन भाडेकरूचा हक्क घ्यायचा. लालबाग-परळ-गिरगावात अजूनही पागडीच्या खोल्या विकल्या जातात आणि भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ मुळे असा मोबदला घेणं-देणं बेकायदा नाही. पण तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. भाडेपावती नावावर करताना घरमालकाचा हिस्सा द्यावा लागतो, तो साधारण एक तृतीयांश धरायची रीत आहे. बँका यावर गृहकर्ज देत नाहीत, त्यामुळे सगळी रक्कम हातात हवी. "पुनर्विकासात ३०० फूट मिळणारच" असं प्रत्येक दलाल सांगतो. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) मिळतं हे खरं, पण कधी मिळणार, हे त्या नियमात लिहिलेलं नसतं. दोन मुलं वाढत असताना 'कधी' हाच प्रश्न असतो.

दुसरा पर्याय मालकी हक्काचा. त्याच भागात टॉवरमधला वन बीएचके, चटई ३६० चौरस फूट, मागणी १ कोटी १५ लाख. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे ८६ लाख २५ हजार. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता सुमारे ७४,८५० रुपये. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ५. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, तो खिशातूनच. म्हणजे पहिल्या दिवशी रोख किमान ३५ लाख, दलाली आणि डागडुजी वेगळी. जमेची बाजू एकच मोठी: मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पण ७४ हजारांचा हप्ता भरून पाच माणसांनी ३६० फुटांत राहायचं, आणि त्यातली एक मुलगी पाच वर्षांत दहाची होणार. तिथे हा पर्याय मिटला.

जुलै २०२३ मध्ये मुद्दाम भर पावसात उपनगरं पाहिली. घर पाहायला दिवाळीनंतर जाऊ नका. तेव्हा सगळीच घरं सुंदर दिसतात. पावसात गच्चीखालच्या मजल्याचं छत, बाथरूमच्या मागच्या भिंतीचा ओलावा आणि स्टेशनपासूनच्या रस्त्याची लायकी एका फेरीत कळते. बदलापूरला तेवढ्याच क्षेत्रफळाचं घर बरंच स्वस्त होतं. पण बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर, डोंबिवली ४८. शिवाय कल्याणच्या पुढे दोनच मार्गिका, तिसरी-चौथीचं काम चालू. उल्हास नदीजवळच्या सोसायट्यांत तळमजल्याच्या मीटरबॉक्सची उंची आणि भिंतीवरची जुनी पाण्याची रेघ जरूर पाहा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, तो हाच पट्टा.

डोंबिवलीत तीन गोष्टी नकाशावर आखून घेतल्या. एक, एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांपासूनचं अंतर. २०१६ आणि मे २०२४ चे स्फोट आठवत असतील, तर निवासी भाग नेमका कुठे संपतो हे चालत जाऊन पाहा. दुसरी, कल्याण-शिळ रस्त्यालगतच्या गावांमधली नवी गृहसंकुलं. घरं मोठी, दर कमी, पण स्टेशन गाठायला संध्याकाळी रिक्षाने पाऊण तास जाऊ शकतो. तिसरी, पाणी. सोसायटीच्या सेक्रेटरींना "पाणी कसं आहे?" असं विचारलं की उत्तर "मुबलक" असंच येतं. त्याऐवजी मार्च ते मेची टँकरची बिलं मागायची. बिलं नाहीत म्हणाले तर वार्षिक हिशेबपत्रकात 'पाणी खर्च' ही ओळ पाहायची.

यापुढचा टप्पा आमचा सगळ्यात उपयोगी ठरला: विकत घेण्याआधी तिथे भाड्याने राहणं. १ नोव्हेंबर २०२३ पासून ११ महिन्यांसाठी डोंबिवली पूर्वेला टू बीएचके घेतला. भाडं १७ हजार, अनामत ६० हजार. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, त्यात अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कमही मिळवायची. आमचे जेमतेम ५०० रुपये झाले. शहरी भागात नोंदणी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीसाठी एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याचे वेगळे. 'नोटरी करून टाकू' असं घरमालक म्हणाला तरी नको म्हणा. गॅस आणि शाळेसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार फार कामाला येतो.

या ११ महिन्यांत प्रवासाची खरी नोंद ठेवली. गुगलवर दिसणारी वेळ ही गाडीत बसलेल्या माणसाची असते. त्यात फलाटावर सोडून द्याव्या लागलेल्या गाड्या धरलेल्या नसतात. सोमवारी सकाळी ७.४० ते ८.३० मध्ये कल्याणहून भरून आलेल्या फास्टमध्ये चढणं हा रोजचा जुगार आहे. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरली तर दहा मिनिटं जास्त जातात पण अंग शाबूत राहतं. काही जण कल्याणपर्यंत उलटे जाऊन बसून येतात. तसं करायचं तर पास कल्याणपर्यंतचा काढा, नाहीतर दंड भरावा लागेल. संध्याकाळी परळहून सुटणाऱ्या लोकल आहेत (परळ टर्मिनस मार्च २०१९ पासून सुरू आहे), त्यांचं वेळापत्रक पाठ करा. रविवारचा मेगाब्लॉक आणि जुलैतले पाण्याचे तीन-चार दिवस वेगळे लिहून ठेवले. सरासरी फसवी असते. पाळणाघर किती वाजता बंद होतं आणि सगळ्यात वाईट दिवशी आपण किती वाजता पोचतो, या दोन वेळा जुळल्या पाहिजेत. आमच्या पाळणाघराच्या काकू साडेसातपर्यंत थांबायच्या, त्यानंतर तासाचे १०० रुपये. महिन्याचे ६ हजार. शेवटी मी ८ ते ४ ची पाळी मागून घेतली. ती मिळेल का, हे घर शोधण्याआधी विचारून ठेवा.

शाळेचं वेळापत्रक घराच्या वेळापत्रकापेक्षा कडक असतं. पहिलीसाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरला मूल सहा वर्षांचं पूर्ण हवं. थोरली ऑक्टोबर २०१८ ची, म्हणजे जून २०२४ ला पहिली. बऱ्याच शाळांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत निघतात, म्हणून नोव्हेंबरमध्ये राहायला येणं जमून आलं. मूल बालवाडीत असताना घर बदललं तर कागदांचा त्रास जवळजवळ नाही. पहिलीनंतर बदललं की शाळा सोडल्याचा दाखला हवा आणि जुन्या शाळेने ऑनलाइन नोंदीतून विद्यार्थ्याला सोडायला हवं. जुनी शाळा सुट्टीत बंद असेल तर हे काम जूनपर्यंत लोंबकळतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये घर विकतच घ्यायचं ठरलं आणि भाडेकरार एक महिन्याच्या नोटिशीच्या अटीवर पुढे वाढवला. ही अट मागायला विसरू नका, नाहीतर हप्ता आणि भाडं दोन्ही चालू राहतं.

नवी बांधकामं आम्ही बाजूला ठेवली. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) न मिळालेल्या घरावर ५ टक्के जीएसटी. चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तरच १ टक्का. ताबा मिळेपर्यंत भाडं वेगळं. आणि कल्याण-डोंबिवलीत 'महारेरा क्रमांक आहे' (म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाकडे प्रकल्पाची नोंद आहे) एवढ्यावर थांबू नये. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण इथलंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्यांनी रीतसर कर्ज काढलं होतं. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे इमारत कायदेशीर, हा समज तिथे संपला. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन थेट महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळणी करा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आमचं २६ व्या दिवशी आलं.

रीसेलची तीन घरं हिशेबात आली. पहिल्याचं क्षेत्रफळ '८५०' सांगितलं होतं. टेप लावली तर चटई ५४० भरली, त्यात गॅलरी बंद करून केलेली खोली. करारनाम्यातलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा आणि तेवढंच खरं धरा. दुसऱ्या घराचा मूळ करार २० रुपयांच्या मुद्रांकावर, नोंदणीच नाही. कमी भरलेल्या मुद्रांकावर दरमहा २ टक्के दंड, मूळ तुटीच्या चौपटीपर्यंत. १९८० ते २०२० च्या दस्तांसाठीची अभय योजना तोवर संपली होती. विकणारे काका "बघू ना वहिनी, नंतर भरून टाकू" म्हणत होते. नंतर म्हणजे घेणाऱ्याने.

तिसरं घर जमलं. १९९८ ची इमारत, तिसरा मजला, चटई ५८५ चौरस फूट, भोगवटा प्रमाणपत्र आहे, लिफ्ट आहे, किंमत ७२ लाख. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं, ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी. अहवाल मागून वाचला. मासिक देखभाल २,८००. मालमत्ता कराचं शेवटचं बिल १४ हजारांवर, मुंबईची माफी इथे लागू नाही.

१९ ऑक्टोबरला ५१ हजार टोकन दिलं. त्याच आठवड्यात १०० आणि २०० रुपयांचे मुद्रांक बंद होऊन किमान ५०० चा झाला होता, विकणाऱ्याने आणून ठेवलेला १०० चा कागद वाया गेला. टोकनपावतीत दोन ओळी लिहून घ्या: बँकेने कायदेशीर कारणाने कर्ज नाकारलं तर टोकन परत, आणि कागद पूर्ण करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. दुसरी ओळ आम्हाला लागली. विकणारे दुसरे मालक. २००९ चा त्यांचा करार होता, पण १९९८ चा बिल्डरबरोबरचा मूळ करार हरवलेला. बँकेच्या वकिलाने फाइल तिथेच थांबवली. मग पोलिसात हरवल्याची नोंद, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, हरकतींसाठी १५ दिवस, नुकसानभरपाईचं हमीपत्र आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून साक्षांकित प्रत. प्रतीलाच १७ दिवस लागले, कारण जुने खंड दुसऱ्या इमारतीत हलवलेले होते. एकूण २३ दिवस गेले. नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर मिळकतीच्या तपशिलावरून सूची-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) शोधता येते. टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडचे सगळे जुने करार मागून पाहिले असते तर करारांची साखळी अपुरी असल्याचं आधीच कळलं असतं.

कर्ज ५० लाख. या टप्प्यात किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळतं, पण हप्ता ४३,४०० च्या आसपास ठेवायचा होता. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. इथे मुद्रांक ७ टक्के. फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर ६. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की सवलत जाते. आमचे ७२ हजार वाचले. मात्र नवरा नुसता सहकर्जदार राहतो, मालक नाही, त्यामुळे जुन्या करप्रणालीत त्याला व्याजाची वजावट मिळत नाही. आधी दोघांचा कर मांडा, मग नाव ठरवा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून फॉर्म २६क्यूबीने भरायचा, रक्कम दिली तो महिना संपल्यावर ३० दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. विकणारे दोन असतील तर दोन फॉर्म. सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे: विकणाऱ्याचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ च्या जागी २० टक्के कापावा लागतो, आणि नाही कापला तर नोटीस घेणाऱ्याला येते. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर पॅनची स्थिती पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

२३ डिसेंबरला नोंदणी झाली. आधी डेटा एंट्री करून ११ आकडी क्रमांक घेतला, ग्रासवर (राज्य शासनाच्या ऑनलाइन भरणा संकेतस्थळावर) ई-चलन भरलं: मुद्रांक ४,३२,०००, नोंदणी फी ३०,००० (१ टक्का, पण कमाल एवढीच), शिवाय पानागणिक दस्त हाताळणी शुल्क. वेळ ११ ची होती, सर्व्हर बंद होता, अंगठे झाले दुपारी तीनला. दोन साक्षीदार आधार कार्डासह दिवसभर मोकळे असतील असेच न्या. सासूबाईंच्या वयाच्या माणसांचे ठसे उमटत नाहीत, त्यांना साक्षीदार करू नका. सूची-२ हातात आल्यावर त्यातला फ्लॅट क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ तिथेच वाचा; नंतर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो.

बँकेची रक्कम नोंदणीनंतर निघते, आधी नाही. मधल्या दिवसांत विकणाऱ्याचा जीव टांगणीला असतो, म्हणून करारात ४५ दिवसांची मुदत लिहिली होती. सोसायटीचं ना-हरकत पत्र १२ दिवसांनी मिळालं, कारण अध्यक्ष गावी. ९ जानेवारीला धनादेश निघाला. मालकी कागद बँकेत ठेवल्याच्या दस्तावर ०.३ टक्के, म्हणजे १५ हजार. सोसायटीत हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल २५ हजार, त्यावर हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश शुल्क १००. 'विकास निधी' म्हणून आणखी ५० हजार मागितले गेले होते. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवल्यावर विषय बदलला.

किमतीतले रोख २२ लाख सोडून वरचा खर्च असा: मुद्रांक आणि नोंदणी ४ लाख ६२ हजार, दलाली ७२ हजार, वकील १८ हजार, बँकेची प्रक्रिया ११,८००, गहाणखताचे १५ हजार, सोसायटीचे २५,६००, नळ-वायरिंग-रंग ३ लाख ४० हजार. बेरीज ९ लाख ४४ हजार ४००. किमतीच्या सुमारे १३ टक्के. आम्ही ८ टक्के धरले होते. फरक जुन्या गंजलेल्या पाइपांनी खाल्ला; रीसेल घराची किंमत ठरवताना प्लंबरला बरोबर न्या, त्याचे ५०० रुपये वसूल होतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर पाव टक्क्याने उतरला. कर्ज रेपोशी जोडलेलं असल्याने व्याज तिमाहीत खाली आलं, पण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली. हप्ता कमी हवा असेल तर लेखी सांगावं लागतं.

महावितरणच्या बिलावरचं नाव तीन आठवड्यांत बदललं. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरला. मालमत्ता कराच्या नोंदीवर अजून जुनंच नाव आहे, दोन फेऱ्या झाल्या. आणि इमारतीखालच्या जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, १९९८ पासून झालेलंच नाही. मानीव (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा ठराव पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असं पत्र सोसायटीला दिलं आहे. त्याची पोच घेतली आहे.